देवाला बोकड हवा होता की नको? बैर-शेबा आणि आरादची मराठीतून एक दिवसाची सहल

सेवा: मोटारीसह मार्गदर्शक, पूर्ण दिवस, मराठीतून. कधी: फेब्रुवारी 2023. आम्ही: चौघी. तारे: पाचपैकी साडेचार.

लिहायला उशीर झाला, कबूल. परत आल्यावर नातीचं बारसं निघालं, मग माझा मोतीबिंदू, आणि ऑक्टोबरात तिकडे इस्राएलमध्ये युद्ध पेटलं तेव्हा सहलीबद्दल काही लिहायची इच्छाच उरली नाही. पण मंडळीतले लोक अजून विचारतात, "बाई, तो मराठी बोलणारा गाईड तुम्ही पैदा तरी कुठून केलात?" म्हणून एकदाचं लिहून टाकते. जाण्याआधी तिकडची परिस्थिती बघा, हे वेगळं सांगायला नको.

आमची सहल नेहमीचीच. नगर, श्रीरामपूर आणि पुण्याची मिळून बेचाळीस माणसं, दहा दिवस, बेथलेहेम, गालील, यार्देन नदी, यरुशलेम. आठव्या दिवशी मृत समुद्र. तिथे पाण्यावर तरंगत वर्तमानपत्र वाचतानाचा फोटो काढायचा आणि चिखलाचं क्रीम घ्यायचं. माझ्या मनात त्या दिवशी दुसरंच होतं, आणि त्याला कारण संडे स्कूलमधला चौथीतला एक मुलगा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं आणि बावीस वर्षं संडे स्कूल चालवतेय. या मुलाच्या आईकडचं गाव पाथर्डीकडचं. तिकडे जत्रेत बोकड पडतो आणि पोरानं तो डोळ्यांनी बघितलेला. एका रविवारी तो म्हणाला, "बाई, बायबलात लेवीयच्या पुस्तकात देव बोकड कसा कापायचा ते सांगतो. कुठलं तोंड कुठल्या बाजूला, चरबी कुठं, रक्त कुठं. आणि आमोसमध्ये तोच म्हणतो, मला त्याचा वाससुद्धा नको. मग हवा होता की नको?" आम्हाला जे उत्तर शिकवलेलं तेच मी दिलं. जुना करार म्हणजे सावली, नवा करार म्हणजे खरी वस्तू, प्रभूच्या बलिदानानंतर बाकीची बलिदानं संपली. पोरगं दोन मिनिटं गप्प बसलं आणि म्हणालं, "पण आमोसपण जुन्या करारातच आहे ना?"

त्याचं बरोबर होतं. पुढे दोन वर्षं ते माझ्या डोक्यातून गेलं नाही.

आमोस संदेष्ट्याच्या पाचव्या अध्यायात तीन गावांची नावं आहेत: बेथेलला शोधत जाऊ नका, गिलगालला शिरू नका, बैर-शेब्याला ओलांडून जाऊ नका. बैर-शेबा सहलीच्या नकाशावर दिसलं आणि मी पाळकसाहेबांना विचारलं, तर म्हणाले, "तिथं काय आहे बघायला?" टूरवाल्यांकडे चौकशी केली तेव्हा कळलं की त्या गावात आपले बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहूदी लोक बरेच आहेत. अलिबाग-रेवदंड्याकडचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून 'शनिवार तेली'. त्यांच्यातले एक निवृत्त गृहस्थ परवानाधारक मार्गदर्शक आहेत, स्वतःची सात सीटची गाडी आहे आणि मराठी बोलतात. चौघींत मिळून 2200 शेकेल ठरले. तेव्हाच्या भावानं साधारण पन्नास हजार रुपये, म्हणजे माणशी साडेबारा. महाग आहे. माझ्या धाकट्या जावेनं तर तोंडावर सांगितलं, की एवढ्यात मुलाची कॉलेजची फी भागते. तरी ती आली.

त्यांना सगळे 'मामा' म्हणतात, आम्हीही म्हटलं. वय सत्तरीच्या आसपास, डोक्यावर छोटी विणलेली टोपी, पायात कॅनव्हासचे बूट. आठव्या वर्षी रेवदंडा सोडलं, त्यामुळे त्यांची मराठी त्या वर्षापाशी थांबलेली आहे. गाडीला 'मोटार', दवाखान्याला 'इस्पितळ', नाश्त्याला 'न्याहारी'. माझ्या आजीच्या तोंडची भाषा नेगेव्हच्या वाळवंटात ऐकायला मिळाली. मी शिक्षिका होते हे कळल्यावर दिवसभर 'बाई, बाई' चाललं होतं.

बैर-शेबाची जुनी टेकडी आजच्या शहराच्या पूर्वेला काही किलोमीटरवर आहे. 2005 पासून मगिद्दो आणि हासोरबरोबर जागतिक वारशाच्या यादीत. फेब्रुवारी असल्यामुळे टेकडीच्या पायथ्याशी हिरवळ होती आणि मधूनमधून लालभडक रानफुलं. उन्हाळ्यात इथे काय असेल ते नगरच्या माणसाला सांगावं लागत नाही.

आत शिरताच समोर वेदी. चार कोपऱ्यांना चार शिंगं, माणसाच्या खांद्याला लागेल एवढी. मामांनी पहिल्यांदा सांगितलं की ही नक्कल आहे, खरी यरुशलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये. मग आम्हाला तिच्याभोवती उभं केलं आणि पंधरा मिनिटं जे केलं ते मला कुठल्याच सेमिनरीच्या वर्गात मिळालं नव्हतं. त्यांनी फक्त प्रश्न विचारले.

"बाई, दगड बघा. कसे आहेत?"

घडीव. सरळ कडा, टाकीनं तासलेले.

"निर्गम वीस काढा."

काढलं. माझ्यासाठी वेदी मातीची कर. दगडाची केलीस तर घडीव दगड वापरू नकोस, हत्यार लागलं की ती भ्रष्ट झाली. म्हणजे ही वेदी नियमाबाहेरची. "आता निर्गम सत्तावीस." तिथे वेदीला चार कोपऱ्यांवर शिंगं असावीत म्हटलंय. म्हणजे नियमातली. "आता हा साप बघा." एका दगडावर खरंच वळवळता साप कोरलेला आहे. गणना एकविसाव्या अध्यायात मोशे देवाच्या सांगण्यावरून पितळेचा साप करतो, आणि दुसऱ्या राजे पुस्तकाच्या अठराव्यात हिज्कीया राजा तोच साप फोडून टाकतो, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले होते. देवानं करायला लावलेली वस्तू देवभीरू राजानं फोडली, आणि शास्त्र त्याला शाबासकी देतं.

माझी मैत्रीण म्हणाली, "मामा, मग उत्तर काय?" मामा म्हणाले, "उत्तर पायजे असेल तर दुसरा गाईड करा. मी फक्त जागा दाखवतो."

याच वाक्याला मी पूर्ण चार तारे देते. नगरला पाळकांपासून पाहुण्या वक्त्यांपर्यंत सगळ्यांनी मला उत्तरंच दिली आहेत.

ही वेदी सापडली ती 1973 साली, आणि तीही उभी नव्हे. पुरातत्त्वज्ञ योहानान अहारोनी यांच्या पथकाला एका मोठ्या कोठाराच्या भिंतीत हे घडीव दगड बसवलेले मिळाले. कुणीतरी वेदी मोडून तिचे दगड धान्याच्या कोठाराला वापरले होते. मामा सांगतात, हे हिज्कीयाचं काम; त्यानं गावोगावची उच्च स्थानं, म्हणजे पूजेची ठिकाणं, पाडली आणि सगळी उपासना यरुशलेमला नेली. ती गोष्ट ऐकताना अंगावर काटा येतो. पण घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की हे इतकं सरळ नाही. यिगाएल यादीन यांच्यासारख्या मोठ्या संशोधकानं तेव्हाच अहारोनींच्या म्हणण्याला हरकत घेतली होती आणि हा प्रकार नंतरच्या योशीया राजाच्या काळाशी जोडला होता. मामांनी हा वाद सांगायला हवा होता. शास्त्रातल्या भांडणात जो माणूस एका बाजूनं बोलत नाही, त्यानं खोदकामाच्या भांडणात का बोलावं? पाव तारा इथे कापला.

वर चढून गेलं की गल्ल्या, घरांचे पाये, कोठारं आणि एक निरीक्षण मनोरा दिसतो. मनोऱ्यावरून खाली दोन कोरडे ओढे एकमेकांना मिळताना दिसतात. इथे मामांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि एकेका बाईला एकेक वचन मोठ्यानं वाचायला लावलं. सगळी बैर-शेब्याची. उत्पत्ती एकवीस: अब्राहाम इथे झाऊचं झाड लावतो आणि परमेश्वराचं नाव घेतो. उत्पत्ती सव्वीस: इसहाक इथे वेदी बांधतो. उत्पत्ती शेहेचाळीस: म्हातारा याकोब मिसरला जाताना इथे थांबून यज्ञ करतो आणि रात्री देव त्याच्याशी बोलतो. कुणी हटकत नाही. मग अनुवाद नावाच्या पुस्तकाचा बारावा अध्याय: तुम्हाला दिसेल त्या ठिकाणी होमबली अर्पू नका, देव निवडील त्या एकाच ठिकाणी. मग दुसऱ्या राजेचा तेविसावा: योशीया गेबापासून बैर-शेब्यापर्यंतची उच्च स्थानं भ्रष्ट करतो. आणि आमोस: बैर-शेब्याला जाऊ नका.

बापजाद्यांनी जिथे यज्ञ केला तिथेच नातवंडांना मनाई. आणि या सगळ्यात एलीया! कर्मेल डोंगरावर त्यानं यरुशलेमपासून लांब वेदी नीट केली, वर आकाशातून अग्नी आणला, आणि ईजबेलच्या भीतीनं पळाला तो इथे, बैर-शेब्याला. आपल्या गड्याला इथे ठेवून पुढे रानातून होरेब डोंगरावर गेला आणि तिथे देवापुढे रडला की लोकांनी तुझ्या वेद्या मोडल्या. वेद्या, अनेकवचनी! अनुवादाच्या हिशेबानं त्या मोडायलाच हव्या होत्या. हे मी बावीस वर्षं शिकवलं आणि हे अनेकवचन मला कधी दिसलं नाही.

आमोसचं ते प्रसिद्ध वचन माझ्या वाट्याला आलं. तुमच्या सणांचा मला वीट आलाय, तुमचे होमबली मी घेणार नाही, गाण्यांचा गोंगाट बंद करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या, नीतिमत्त्व कधी न आटणाऱ्या ओढ्यासारखं. मी थांबले. मामांनी खालच्या ओढ्याकडे बोट केलं. कोरडा ठणठणीत, मधे प्लॅस्टिकच्या पिशव्या. "वर्षातनं दोनचार दिवस पाणी येतं, बाई. तेव्हा मोटारीसुद्धा वाहून जातात. मग परत असा." आमोस तकोवाचा, वाळवंटाच्या काठचा, मेंढरं राखणारा आणि आपल्या उंबराच्या जातीच्या झाडांची निगा करणारा. न आटणारा ओढा म्हणजे काय चीज आहे ते त्याला आणि आम्हा दुष्काळी तालुक्यातल्या माणसांनाच कळावं. चार दिवसांच्या लोंढ्यासारखी भक्ती त्यानं जत्रेत पाहिली असणार.

पण त्याच्या पुढचं वचन जास्त अवघड. रानात चाळीस वर्षं तुम्ही मला यज्ञ आणि अन्नबली आणलेत काय? उत्तर 'नाही' असंच अपेक्षित दिसतं. मग लेवीय आणि गणना कशासाठी? यिर्मया सातव्या अध्यायात तर सरळच म्हणतो की मिसरातून बाहेर काढलं त्या दिवशी होमबली नि यज्ञांविषयी मी तुमच्या पूर्वजांशी बोललो नव्हतो. मामांनी इथे मात्र त्यांच्या बाजूनं थोडी मदत केली. हिब्रूत म्हणे 'हे नको, ते हवं' असं बोलायची रीत आहे आणि तिचा अर्थ 'ह्यापेक्षा ते जास्त हवं' असा होतो. मला लगेच माझी आई आठवली. फोनवर भावाला म्हणायची, "पैसे नकोत रे मला, तू ये." भाऊ यायचा नाही, पैसे पाठवायचा, आणि आई ते परत पाठवायची नाही. होशेयाच्या 'दया हवी, यज्ञ नको' ला ही आई चालते. प्रभू येशूनं मत्तयात दोनदा ते वचन वापरलं आणि तोच प्रभू मत्तयाच्या पाचव्यात म्हणतो की अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. 'मग येऊन अर्पण कर' हे आपण वाचतच नाही. पण यिर्मयाला ती आई चालत नाही, हे मी मामांना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "मला पण न्हाय चालत. पण आमचे रब्बी चालवतात."

न्याहारी आमची आम्ही केली होती. जेवण त्यांच्या घरून डब्यात. हे आधी ठरलेलं नव्हतं, म्हणून जास्तच आवडलं. टेकडीखालच्या बाकांवर बसून पोळ्या, बटाट्याची भाजी आणि नारळाच्या दुधातलं मटण. दूधदुभतं मांसाबरोबर चालत नाही, म्हणून नारळ. आमच्या जावेनं कृती लिहून घेतली. मटण बघून विषय वल्हांडणावर, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणावर गेला. निर्गमाच्या बाराव्यात कोकरू पाण्यात शिजवू नका, विस्तवावर भाजा, असं निक्षून सांगितलंय. अनुवादाच्या सोळाव्यात त्याच कोकराला तेच क्रियापद लावलंय जे निर्गमानं मना केलं, 'बाशाल', शिजवा. आणि इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात, पस्तिसाव्या अध्यायात, योशीयाच्या सणाचं वर्णन करताना लेखक लिहितो की त्यांनी वल्हांडण 'विस्तवावर शिजवलं'! दोन्ही नियम एकाच वाक्यात कोंबले. "म्हणजे भांडण आपल्यालाच दिसलं असं न्हाय," मामा म्हणाले, "त्या लिहिणाऱ्यालापण दिसलेलं. त्यानं कढईची आणि चुलीची सोयरीक लावली."

मग तेलाची गोष्ट. यहेज्केलच्या शेवटच्या अध्यायांत नव्या मंदिराचे नियम आहेत आणि ते मोशेच्या नियमांशी जुळत नाहीत. गणना अठ्ठाविसाव्यात अमावास्येनंतरच्या नव्या चंद्राला दोन गोऱ्हे, एक मेंढा, सात कोकरं. यहेज्केल शेहेचाळिसाव्यात एक गोऱ्हा, सहा कोकरं, एक मेंढा. निर्गमात वेदीला पायऱ्या नकोत, यहेज्केलात आहेत. एवढ्या फरकामुळे यहेज्केलचं पुस्तकच बाजूला ठेवायची वेळ आली होती. तालमूद या रब्बींच्या ग्रंथात सांगितलंय की हनन्या बेन हिज्कीया नावाचे एक गुरू माडीवर जाऊन बसले, त्यांना दिव्यासाठी तीनशे पिंपं तेल पोचवलं, आणि सगळा मेळ बसेपर्यंत ते खाली उतरले नाहीत. "आमी तेली," मामा डबा बंद करत म्हणाले, "पण एवढ्या तेलाची ऑर्डर कोकणात कधी आली न्हाय."

डब्याच्या तळाशी मलिदा निघाला. भिजवलेले पोहे, साखर, खोबरं, वेलदोडा, सुका मेवा. आमच्या मनात मलिदा म्हणजे दर्ग्यातला किंवा राजकारण्यांचा. बेने इस्राएलांकडे नवस फेडताना, लग्नाआधी, घरात शुभ काही झालं की मलिद्याचं ताट भरतात, फळं मांडतात आणि एलियाहू हन्नबीचं नाव घेऊन गातात. एलियाहू म्हणजे आपला एलीया. अलिबागजवळ खंडाळ्याच्या बाजूला त्याचा टापा आहे, खडकावर त्याच्या रथाची खूण आहे असं ते मानतात. मामा म्हणाले, आमचे जुने लोक मलिद्याला लेवीयच्या दुसऱ्या अध्यायातल्या अन्नार्पणाची आठवण समजतात: सपीठ, तेल, धूप, रक्त नाही. "देऊळ सन 70 ला पडलं. देवळाबिगर बोकड कापायची परवानगी न्हाय. पोह्यांना कोण अडवणार?"

मी विचारलं, परत देऊळ झालं तर कापाल का? ते एकदम उत्तरले नाहीत. म्हणाले, यात आमच्यातच बारावं-तेरावं शतक भांडत गेलं. मैमोनिदीस हा त्यांचा मोठा धर्मपंडित, त्याला ते रामबाम म्हणतात. त्यानं लिहिलं की लोकांना त्या काळात यज्ञाशिवाय उपासना म्हणजे काय हे सुचणंच शक्य नव्हतं, म्हणून देवानं यज्ञ राहू दिले, फक्त स्वतःकडे वळवले. रामबान, म्हणजे नहमानिदीस हा दुसरा पंडित, लेवीयवर लिहिताना त्याच्यावर तुटून पडला: हाबेलानं आणि नोहानं अर्पण केलं तेव्हा कुठली मूर्तिपूजा चालू होती जिच्यापासून त्यांना वळवायचं होतं? आणि गंमत म्हणजे त्याच रामबामनं आपल्या धर्मशास्त्रात यज्ञाचे नियम बारीकसारीक लिहून ठेवलेत, जसे उद्या लागणारच आहेत.

इथे एक मराठीपुरतं बोलते. आपल्या शास्त्रात 'यज्ञ' शब्द आला की माझ्यासमोर हवनकुंड, तूप, समिधा उभ्या राहतात. हिब्रूतला 'झेवाह' त्याच्यापेक्षा त्या पोराच्या आजोळच्या जत्रेच्या जास्त जवळ आहे. शांत्यर्पणाचं बघा, लेवीय सातवा अध्याय: चरबी देवाची, ऊर आणि उजवी मांडी याजकाची, बाकीचं घरच्यांनी आणि पाहुण्यांनी खायचं, नवसाचं असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत, तिसऱ्या दिवशी उरलं तर जाळायचं. देवाचा मान, पुजाऱ्याचा वाटा, गोतावळ्याला जेवण. मटण रोजचं नव्हतं, सणाचं होतं. आणि सगळ्याच अर्पणांना मिळून शब्द आहे 'कोर्बान', ज्याच्या मुळाचा अर्थ जवळ येणं. आपल्या 'कुरबान'चं मूळही तेच सेमिटिक. आमोस जेवणावर का चिडला ते मला त्या बाकावर उमगलं. दुसऱ्या अध्यायात त्यानं लिहिलंय की गरिबाकडून गहाण घेतलेल्या कपड्यांवर हे लोक वेदीशेजारी पसरतात. गोतावळ्याला जेवण चाललंय आणि ज्याचं पांघरूण खाली अंथरलंय तो पंगतीत नाही.

हे लिहिताना सोपं वाटतं. पण यहेज्केलच्या विसाव्या अध्यायात, पहिल्या मुलांच्या अर्पणाच्या संदर्भात, देव म्हणतो की मी त्यांना चांगले नसलेले नियम दिले. त्याला माझ्याकडे आई नाही, पंगत नाही, काहीच नाही.

पौलाचं विचारलं तेव्हा मामांनी हात वर केले. "तुमच्या पौलाचं मला नका विचारू. तो आमच्याकडचा असून तुमच्याकडे गेला." मग मीच त्यांना सांगितलं. इब्री लोकांस पत्र दहाव्यात म्हणतं की बैलांच्या नि बोकडांच्या रक्तानं पापं जाणं शक्यच नाही, लेवीय चौथ्यात मात्र 'त्यांना क्षमा होईल' असं पुनःपुन्हा येतं. आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या एकविसाव्यात पौल, प्रभूच्या वधस्तंभानंतर इतक्या वर्षांनी, यरुशलेमच्या मंदिरात जाऊन चार माणसांच्या अर्पणांचा खर्च स्वतः करतो. मामा म्हणाले, "असं? मग तो बरा माणूस होता."

आता आराद, आणि माझा खरा राग. टेकडीवर आणि डब्यावर इतका वेळ गेला की आरादच्या किल्ल्यावर आम्ही तीन वाजून वीस मिनिटांनी पोचलो. हिवाळ्यात ही ठिकाणं चारला बंद होतात. चाळीस मिनिटं! जिथे निदान दोन तास हवेत. मामांनी सकाळीच घड्याळ बघायला हवं होतं. किंवा आधी आराद घ्यायला हवं होतं. उरलेला पाव तारा इथे.

आरादला किल्ल्याच्या आत एक आख्खं मंदिर आहे. यरुशलेमशिवाय कुठेच नको म्हटलेलं मंदिर, यहूदाच्या राजाच्याच किल्ल्यात. अंगणात वेदी आहे, माती आणि न घडलेल्या दगडांची, जवळपास पाच हात लांब, पाच हात रुंद, म्हणजे निर्गमातल्या मापाची. शिंगं नाहीत. बैर-शेब्याला शिंगं आहेत पण दगड घडीव. आरादला दगड बिनघडीव पण शिंगं नाहीत. दोघींनी मिळून नियम पाळले असते! आतल्या परमपवित्र जागेत एक उभा दगड आणि पायरीवर गुडघ्याएवढ्या दोन धूपवेद्या, या सगळ्या नकला. खऱ्या सापडल्या तेव्हा आडव्या निजवून पुरलेल्या होत्या. फोडल्या नव्हत्या, निजवल्या होत्या. माझ्या मैत्रिणीनं तिथे रुमाल काढला. आजोबांनी देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले ती गोष्ट तिच्या घरात अजून सांगतात.

2020 साली त्या धूपवेद्यांवरच्या काळ्या थराची तपासणी प्रसिद्ध झाली. मोठीवर ऊद आणि प्राण्याची चरबी, छोटीवर गांजा आणि शेण. निर्गमाच्या तिसाव्यात पवित्र धुपाची कृती दिलीय, त्यात गांजाचं नाव नाही. जाऊबाई म्हणाल्या, "महाशिवरात्रीला आपण उगाच हसतो."

चारला पहारेकरी किल्ल्या वाजवत आला.

दोन दिवसांनी इस्राएल म्युझियममध्ये सगळी मंडळी मृत समुद्राच्या जुन्या हस्तलिखित गुंडाळ्यांकडे गेली तेव्हा मी खऱ्या वेदीपाशी जाऊन उभी राहिले. सापाचा दगड शोधला. आणि तिथेच एक्कावन्नावं स्तोत्र पुढपर्यंत वाचलं. पोरांकडून मी ते सतराव्या वचनापर्यंतच पाठ करून घेते: तुला यज्ञ आवडत नाही, भग्न हृदय हाच देवाचा यज्ञ. एकोणिसावं असं संपतं की मग तुझ्या वेदीवर गोऱ्हे अर्पितील. एकाच स्तोत्रात, दोन वचनांच्या अंतरावर. यंदापासून एकोणीसही पाठ करून घेतेय.

त्या पोराला फोटो दाखवले. आता तो सातवीत आहे. त्यानं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "बाई, साप त्यांनी वेदीवरच का काढला?" मी म्हटलं, माहीत नाही रे. त्याला हे उत्तर पहिल्यापेक्षा आवडलेलं दिसलं.

जाणाऱ्यांसाठी: बूट घाला, चपला नकोत. बैर-शेब्याच्या पाण्याच्या टाकीत उतरताना डोक्याला हेल्मेट देतात, तेव्हा अंबाडा वर बांधू नका. गुडघे दुखत असतील तर ती पायऱ्यांची वाट सोडून द्या, वरच बसा. ठिकाणांची तिकिटं 2200 मध्ये धरलेली नाहीत. शास्त्र कागदी न्या, किल्ल्यावर उन्हात मोबाईल दिसत नाही. आराद आधी घ्यायला सांगा, हे मात्र आदल्या दिवशीच बजावून सांगा. आणि शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी मामांना विचारूच नका. तेली आहेत, घाणा बंद असतो.